चित्रकथेची शेवटची चार पानं कापू नका

प्रति,
निर्वासित स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सेवेला निधी देणाऱ्या संस्था, आरोग्यशिक्षणाचं साहित्य मंजूर करणाऱ्या समित्या आणि छावण्यांतली व शहरांतली प्रसूतिगृहं चालवणारे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

गरोदर निर्वासित स्त्रियांसाठी तयार केलेली सोळा पानांची चित्रकथा मंजुरीसाठी आपल्याकडे येते आणि परत जाते, तेव्हा तिच्यावर हल्ली दोन शेरे हमखास असतात. एक, चित्रं बायकांना कळतात का हे तपासणाऱ्या चाचणीचा खर्च वगळावा. दोन, शेवटची चार पानं काढावीत. पहिली बारा पानं आईने काय करायचं ते सांगतात: तपासणीला कधी जायचं, गोळ्या कशा घ्यायच्या, काय दिसलं की क्षणभरही घरी थांबायचं नाही. शेवटची चार पानं प्रसूतिगृहाने तिला काय द्यायचं ते सांगतात: तिची भाषा बोलणारी व्यक्ती, कळांच्या वेळी जवळ बसणारं तिचं माणूस, तपासणी थांबवा असं म्हणायची मुभा. म्हणजे आईची कर्तव्यं छापायची आणि सेवेची कर्तव्यं कापायची. हे आम्हाला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आम्ही चित्रकार, सुईणी, परिचारिका आणि दुभाषी आहोत. या कामात आमचं काय पणाला लागलेलं आहे, हे एका वाक्यात सांगता येतं. चौकट चुकली तर चित्रकाराचं काहीच बिघडत नाही, पण ती चौकट बघणारी बाई अंगावरून जात असताना सकाळ व्हायची वाट बघत बसते.

आकडे आपल्याला पाठ असतील, तरी पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन मांडतो. २०२४ च्या अखेरीस जगात बळजबरीने विस्थापित झालेली माणसं १२ कोटी ३२ लाख होती आणि त्यांतली ४ कोटी २७ लाख देशाची सीमा ओलांडून निर्वासित झालेली होती. २०२३ या एका वर्षात गरोदरपणाच्या आणि बाळंतपणाच्या कारणांनी जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गेल्या. त्यांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण ही कारणं जुनी आहेत आणि त्यांवरचे उपायही जुनेच आहेत. प्रश्न वेळेत पोचण्याचा असतो.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी या उशिराचे तीन टप्पे मांडले. घरातून निघायचं ठरवण्यात झालेला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचण्यात झालेला उशीर, आणि दारात पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात झालेला उशीर. चित्रकथा थेट काम करते ती पहिल्या उशिरावर. दुसऱ्या उशिरावर तिचा थोडाफार उपयोग होतो, कारण रात्री कुठल्या फाटकातून गाडी सुटते आणि कोणत्या क्रमांकावर फोन लावायचा हे ती दाखवू शकते. तिसरा उशीर संपूर्णपणे आपल्या हातात आहे. शेवटची चार पानं काढा, असं आपण म्हणता तेव्हा तिन्ही उशिरांचा दोष पहिल्या टप्प्यावर, म्हणजे त्या बाईवर, ढकलला जातो.

आता तक्रारी. चाचणीपासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथेच सर्वांत जास्त होतं.

चित्र सगळ्यांना कळतं हा समज खोटा आहे. चित्र वाचायला शिकावं लागतं. लहानपणापासून छापील चित्रकथा हातात असलेल्या माणसाला जे आपोआप उमगतं, ते कधीच पुस्तक न हाताळलेल्या बाईला उमगेलच असं नाही. पोटाची बाजू दाखवायची म्हणून डोकं आणि पाय चौकटीबाहेर ठेवले, तर ते कापलेलं धड वाटतं. जीव मुठीत घेऊन पळून आलेल्या स्त्रीला असं चित्र दाखवणं म्हणजे काय, याचा विचार करा. विचाराचा फुगा ढग वाटतो. ‘असं करू नका’ म्हणून मारलेली फुली बाणासारखी, पट्टीसारखी, कधी औषधाच्या खुणेसारखी वाचली जाते. डोकेदुखीसाठी काढलेल्या नागमोडी रेषा म्हणजे वीज. डास ओळखू यावा म्हणून तो हाताएवढा काढला, तर एवढे मोठे डास आमच्याकडे नाहीत, असं उत्तर येतं आणि त्या उत्तरात चूक काहीच नाही.

एक चौकट अगदी जवळून पाहू. विषय आहे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. तो ‘५०० मिलिलिटर’ असं लिहून सांगता येत नाही, कारण घरात कुणी रक्त मोजत नाही. सोपी वाट म्हणून चित्रकार चादरीवर लाल डाग काढतो. चाचणीत तो डाग लाल नक्षीची चादर किंवा घडी केलेलं पांघरूण ठरतो. छावणीतल्या केंद्रात त्या पानाची काळीपांढरी झेरॉक्स निघाली की डागाची सावली होते आणि संदेशच पुसला जातो. म्हणून ही एक चौकट तीन चौकटींत फोडावी लागते. पहिलीत बाळंतिणीच्या हातात कापडाची कोरी घडी. दुसरीत तीच घडी पूर्ण भिजलेली, आणि कडेने थेंब गळताना. तिसरीत दुसरी भिजलेली घडी, आणि मागच्या खिडकीतला सूर्य जवळजवळ तिथेच. तासाभराच्या आत एक घडी पूर्ण भिजली की थांबायचं नाही, हा त्यातला अर्थ. त्यानंतर लगेच दार, आणि दोघीजणी तिला उचलून बाहेर नेताना. दारासाठी वेगळी चौकट हवीच. धोका दाखवून पुढची कृती न दाखवणारं पान नुसती भीती देतं. या बायकांना आणखी भीतीची गरज नाही.

रक्तदाबाचंही तसंच. पावलांवरची सूज गरोदरपणात पुष्कळ जणींना येते, म्हणून सुजलेली पावलं काढली की एकतर सगळ्याच घाबरतात किंवा कुणीच लक्ष देत नाही. तोंडावरची आणि हातांवरची सूज काढायला हवी: सकाळी उठल्यावर फुगलेल्या पापण्या, बोटातून न निघणारी अंगठी. नजर धूसर होऊन एकाचे दोन दिसणं दाखवायचं तर तिच्या नजरेतून दिव्याच्या दोन ज्योती काढाव्या लागतात. दंडाला बांधायचा पट्टाही आधी चित्रात यावा. तो फुगतो, आवळतो आणि मग सैल होतो. हे ठाऊक नसलेली बाई तो आवळायला लागला की हात ओढून घेते, आणि नोंदवहीत ‘रुग्णाने सहकार्य केलं नाही’ असं लिहिलं जातं.

चाचणी कशी करायची हे गूढ नाही. चित्रं पेन्सिलच्या कच्च्या रेषेत असतानाच करायची, रंग भरल्यावर बदल करायला सगळेच नाखूश असतात. प्रत्येक भाषागटातल्या दहा बायका, एकेकीला वेगळं बसवून. सासू, जाऊ, नवरा समोर असले की उत्तर तेच देतात. मजकूर झाकायचा आणि विचारायचं, ‘इथे काय चाललंय? ही बाई आता काय करील?’ ‘कळलं का?’ हा प्रश्न कधीही विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असतं. चुकीचं उत्तर शब्दशः टिपायचं, दुरुस्त करायचं नाही, शिकवायला तर मुळीच लागायचं नाही. दहापैकी आठजणींना अर्थ लागला तर चौकट ठेवायची. मात्र एकीनेही धोकादायक उलटा अर्थ लावला, तर नऊजणींना कळलं तरी चौकट नव्याने काढायची. मग दुसरी फेरी, वेगळ्या दहाजणींबरोबर. सासवांची आणि नवऱ्यांची फेरी स्वतंत्र, कारण गाडी बोलवायची की नाही हे बऱ्याच घरांत तेच ठरवतात.

तीन भाषा, दोन फेऱ्या, दहाजणी, म्हणजे साठ बैठका. विचारणारी एक आणि टिपणारी एक अशी जोडी दिवसाला चार बैठका नीट करू शकते. पंधरा दिवसांचं काम आहे हे. त्यात बायकांच्या वेळेचा मोबदला, येण्याजाण्याचा खर्च आणि लहान मुलांकडे बघणारं एक माणूस धरायला हवं. एवढ्या खर्चाला आपण अनावश्यक म्हणता आणि न तपासलेल्या हजारो प्रती छापायला परवानगी देता, हा हिशेब आमच्या गळी उतरत नाही.

दुसरी तक्रार भाषेची. आपल्या वेळापत्रकात भाषांतर सगळ्यात शेवटी येतं: चित्रं झाली, मांडणी झाली, आता फुग्यांत अरबी भरा. इथे जे बिघडतं ते दर वेळी त्याच क्रमाने बिघडतं. अरबी आणि अफगाणिस्तानातल्या दरी, पश्तो या भाषा उजवीकडून डावीकडे वाचतात. चौकटींचा क्रम तसाच ठेवला तर गोष्ट उलटी होते: आधी दवाखान्यातली बाई, मग घरात रक्तस्राव. यावर उपाय म्हणून कुणीतरी संगणकावर अख्खं पान आरशासारखं फिरवतं. मग रुग्णवाहिकेवरचा क्रमांक उलटा होतो आणि आई डाव्या हाताने घास भरवू लागते. अरब, अफगाण, सोमाली घरांत हे कुणी करणार नाही. अशी एक चौकट दिसली की पुस्तक परक्यांनी केलंय हे तिथल्या तिथे ठरतं. शिवाय मजकूर उजवीकडून वाचला तरी त्याच लिपीत आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, म्हणून फोन क्रमांक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. साध्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी अक्षरं सुटी होऊन उलट क्रमाने पडतात. देवनागरीत जोडाक्षर फुटून पाय मोडलेली अक्षरं कागदभर विखुरतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

‘अरबी’ म्हणजे नेमकी कोणती हाही प्रश्न असतोच. सुदानी आणि सीरियन बायकांची घरातली बोली एक नाही, आणि प्रमाण अरबी घरात कुणीच बोलत नाही. कुर्दी म्हणाल तर कुरमांजी बहुधा लॅटिन लिपीत आणि सोरानी अरबी वळणाच्या लिपीत. इरिट्रियातल्या तिग्रिन्या भाषेची लिपी तर तिसरीच. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत आले. त्यांच्या भाषेची हनीफी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिप्या दाखवण्याच्या जागतिक मानकात, आली, पण लिपी युनिकोडमध्ये आली म्हणून ती वाचणाऱ्या बायका तयार होत नाहीत. अशा ठिकाणी मजकूर जवळजवळ काढून टाकून ध्वनिमुद्रण द्यावं लागतं. त्यासाठी फक्त चौकोनी कोड छापून भागत नाही. त्याला चांगला फोन लागतो, डेटा लागतो आणि फोन बहुधा नवऱ्याकडे असतो. ध्वनिमुद्रण छावणीतल्या केंद्रातल्या स्वयंसेविकेच्या फोनवर आधीच उतरवलेलं असावं, आणि चित्रकथा चारपाच जणींच्या घोळक्यात मोठ्याने वाचली जाईल असं धरूनच ती लिहिलेली असावी.

करायचं एवढंच: चित्राचा थर वेगळा, मजकुराचा थर वेगळा. फुग्यात मूळ मजकुराला लागते त्याहून तिसरा हिस्सा जागा मोकळी. पाटी, डबी, कॅलेंडर यांवर चित्रातच अक्षरं काढायची नाहीत. आणि भाषांतरकार पहिल्या बैठकीपासून सोबत, पटकथा लिहितानाच.

तिसरी तक्रार संस्कृतीबद्दल आहे, आणि ती जरा सविस्तर मांडावी लागेल. ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ हा शब्द आपल्या प्रत्येक अर्जाच्या नमुन्यात असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो तयार चित्रातल्या बाईच्या डोक्यावर ओढणी चढवणं. ओढणी कशी गुंडाळली आहे यावरून ती कुठल्या प्रांताची, हे तिथल्या बायका क्षणात ओळखतात. चुकीची गुंडाळली तर चित्रातली बाई परकी होते, आणि कधी ती नेमकी त्या लोकांतली दिसते ज्यांच्यामुळे घर सोडावं लागलं. चित्रातल्या पहारेकऱ्याचा हिरवा गणवेश, परिचारिकेच्या अंगरख्याचा रंग, गाडीचा आकार हे सगळं याच कारणासाठी दाखवून घ्यावं लागतं.

खरी संवेदनशीलता बाळंतपणाच्या रीतींशी कसं वागायचं यात असते. आम्ही त्यांचे तीन वाटे करतो. काही रीती औषधासारख्या उपयोगी आहेत. अफगाण, अरब आणि सोमाली घरांत बाळंतिणीला चाळीस दिवसांची विश्रांती असते, घरच्या बायका स्वयंपाकपाणी उचलतात. तिची कौतुकाने नोंद घेऊन गोष्टीतच ती वापरायची, कारण बाळंतपणानंतरच्या तपासण्या याच चाळीस दिवसांत बसतात: दोन-तीन दिवसांनी, एक ते दोन आठवड्यांनी आणि सहाव्या आठवड्यात. फक्त दवाखान्यात जाण्यासाठी बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडली तर चालतं, हे चित्रातल्या आजीच्या तोंडून यायला हवं. काही रीतींनी बरंवाईट काहीच होत नाही: बाळाच्या कानात अजान, ऊबदार पदार्थांचा आग्रह, वार घरी नेऊन पुरणं. त्यांना पानात जागा द्यायची आणि दवाखान्यानेही वेळ द्यायचा. तिसऱ्या वाट्यात मोजक्या रीती राहतात. चिकाचं दूध पिळून टाकणं, त्याऐवजी बाळाला मध चाटवणं, नाळेवर राख किंवा सुरमा लावणं. इथे स्पष्ट बोलायचं आणि कारणही द्यायचं: मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते, राखेतून धनुर्वात. तिन्ही वाटे एकाच फुलीखाली टाकणारी पुस्तिका पहिल्या पानावरच मिटली जाते.

याच ओघात सासूबद्दल. मंजूर झालेल्या पुष्कळ साहित्यात सासू किंवा जुनी दाई ही अडाणी, हट्टी, अडवणारी अशी काढलेली असते. पुस्तिका घरात गेल्यावर ती ठेवायची की चुलीत घालायची हे बहुतेक वेळा तीच ठरवते. तिच्या हातून मुलं सुखरूप जन्मलेली आहेत, तिचं ऐकलं जातं. गोष्टीत धोका सर्वांत आधी ओळखणारी तीच असायला काय हरकत आहे?

लोहाच्या गोळ्यांचं पान हे न ऐकता केलेल्या कामाचं नमुनेदार उदाहरण आहे. बाई गोळी घेते, हसते, पान संपतं. प्रत्यक्षात गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते, आणि गोळ्यांनी बाळ मोठं होऊन पोट फाडावं लागेल ही धास्ती असते. यातलं काहीच पानावर नाही, म्हणून गोळ्या डब्यात राहतात. चार चौकटी वाढवा: काळी शौच म्हणजे रक्त नव्हे, गोळी जेवणानंतर किंवा झोपताना घेतली तर मळमळ कमी होते, चहा आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवायचं कारण चहाने लोह अंगी लागत नाही, आणि गोळी आईच्या रक्तासाठी आहे. रमजानमध्ये गोळी केव्हा घ्यायची हेही त्यातच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजे पुढे ढकलण्याची सवलत धर्मातच आहे, पण हे सांगणारी व्यक्ती चित्रात त्यांच्यातलीच, जाणती असावी.

आता त्या चार पानांकडे येतो.

तेराव्या पानावर योनीतून होणारी तपासणी आहे. ते ‘संवेदनशील’ म्हणून काढा, असं आपण कळवता. आमचं म्हणणं असं की ते संवेदनशील आहे म्हणूनच हवं. आम्ही ते बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेने काढतच नाही. ते टेबलावर झोपलेल्या बाईच्या नजरेने काढलेलं आहे: वर छत, गुडघ्यांवर पांघरलेली चादर, चादरीच्या पलीकडे परिचारिकेचा चेहरा आणि तिचे ओठ काहीतरी विचारताहेत. पुढच्या चौकटीत बाई तळहात उभा धरते आणि परिचारिका थांबते. नग्नता कुठेच नाही. वाटेत अत्याचार सोसून आलेल्या स्त्रीला त्या खोलीत जाण्याआधी हे पान दिसलं पाहिजे.

चौदावं पान सुदान, सोमालिया, इरिट्रिया इथल्या ज्या स्त्रियांची बालपणी सुंता करून मार्ग शिवलेला असतो त्यांच्यासाठी आहे. हा विषय कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा काढायचा नसतो. मार्ग मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया गरोदरपणातच किंवा प्रसूतीच्या वेळी करता येते, कधी करायची हे तिच्याशी आधी बोलून ठरवायचं, आणि नंतर पुन्हा शिवलं जाणार नाही हेही तिला आधीच सांगायचं. हे पान सगळ्यांच्या पुस्तिकेत नको, सुट्टं असावं आणि सुईणीने बोलता बोलता द्यावं, एवढी सूचना आम्हाला मान्य आहे. काढून टाका, ही नाही.

पंधराव्या पानावर दुभाषी आहे. शाळकरी मुलगी आईच्या रक्तस्रावाचं भाषांतर करते आहे, असं होता कामा नये, आणि नवऱ्यानेही करू नये, कारण मारहाणीचा प्रश्न त्याच्यासमोर विचारता येत नाही. समाज लहान असेल तर बाई दुभाषीसुद्धा शेजारीणच निघते आणि गोष्ट बाहेर जाईल ही भीती राहते. तेव्हा दूरच्या गावातली दुभाषी फोनवरून, नाव न विचारता. चित्रात तेच दाखवलं आहे.

सोळाव्यावर सोबतीण आहे, आणि उकिडवी बसून किंवा गुडघ्यांवर टेकून कळा देणारी बाई आहे. आमच्या इथे असं चालत नाही, हा यावरचा आक्षेप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतिकाळातल्या सेवेच्या शिफारशींत पसंतीची सोबत, पसंतीची स्थिती आणि आदराची वागणूक हे तिन्ही आहे. त्यामुळे पान चुकीचं नाही. प्रसूतिगृह मागे आहे.

यात आमचीही एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. जिथे रात्री दुभाषी मिळत नाही तिथे दुभाषीचं पान वाटणं म्हणजे थापच. बाई पान पुढे करते, कुणी ओळख देत नाही, आणि त्यानंतर ती पहिल्या बारा पानांवरही विश्वास ठेवत नाही, ज्यांत तिचा जीव वाचवणारं सगळं आहे. म्हणून पान छापायचं की नाही हा प्रश्न कागदाचा राहत नाही. आपण पान काढून अडचण मिटवता. आम्ही म्हणतो, दुभाषी आणून मिटवा.

छपाईबद्दल थोडक्यात. ए-पाच आकार, मध्ये पिना, चकाकी नसलेला कागद, कारण दिव्याच्या उजेडात चकाकत्या कागदावर काही दिसत नाही. जाड स्वच्छ रेषा, करडी छटा नको. झेरॉक्सची झेरॉक्स काढून तपासावं. मुखपृष्ठावर पोट किंवा बाळंतपण नको, पुस्तिका रांगेत हातात धरता आली पाहिजे. पाळणा लांबवण्याच्या साधनांची माहिती आणि मारहाणीबाबतची मदत या पुस्तिकेत शिवू नये, वेगळ्या चिठ्ठीत असावी, कारण पुस्तिका घरात कुणाच्याही हाती पडते. मागच्या मुखपृष्ठाला आतून खिसा ठेवा. बाईने आपली नोंदपत्रिका स्वतःजवळ बाळगावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींतच आहे, आणि निर्वासित बाई एका छावणीतून दुसरीकडे कधी हलवली जाईल सांगता येत नाही.

आणि पुस्तिका बाळ जन्मल्यावर संपवू नका. पहिले चोवीस तास सर्वांत धोक्याचे असतात, रक्तदाबाचे झटके त्यानंतरही कित्येक दिवस येऊ शकतात. हसरं बाळ हे शेवटचं चित्र असलेली पुस्तिका आईला तिथेच सोडून देते.

आमच्या मागण्या या आहेत.

कोणत्याही चित्रकथेच्या खर्चातला किमान चौथा हिस्सा चाचणीसाठी राखून ठेवा आणि दोन फेऱ्यांचे टिपण जोडल्याशिवाय छपाईला मंजुरी देऊ नका. टिपणात चुकीची उत्तरं शब्दशः असावीत.

मंजुरी समितीत त्या त्या भाषागटातल्या किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्यांतली एक आजीच्या वयाची. त्यांना मानधन द्या आणि त्यांनी नको म्हटलेली चौकट निघालीच पाहिजे, असा नियम करा.

भाषांतरकार आणि दुभाषी पहिल्या दिवसापासून कामावर घ्या.

चित्रांच्या मूळ फाइली, मजकुराचा थर वेगळा ठेवून, इतर छावण्यांना मोफत बदलता येतील अशा परवान्याने खुल्या करा. दर ठिकाणी शून्यापासून चित्रं काढण्यात पैसा जातो आणि चाचणीला उरत नाही. मात्र फाइल नेणाऱ्याने आपल्याकडे नव्याने चाचणी करायची, ही अट परवान्यात असू द्या. कपडे, हात, गाड्या, फाटकं सगळीकडे सारखी नसतात.

शेवटची चार पानं कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आधी वापरा. डॉक्टर, परिचारिका, नोंदणी खिडकीवरचा माणूस आणि दारावरचा पहारेकरी यांनी ती पुस्तिका बाईच्या आधी पाहिलेली असावी. रात्री दोन वाजता पान पुढे करणाऱ्या बाईला पहिल्यांदा पहारेकरीच भेटतो.

आणि प्रत्येक प्रसूतिगृहाने लेखी कळवावं: तेरा ते सोळा यांतलं कोणतं पान आपल्याकडे आज खरं आहे, कोणतं नाही, आणि जे नाही ते कोणत्या तारखेपर्यंत खरं होईल. ही यादी दर्शनी भागात, बायकांच्या भाषेत आणि चित्रात लावा. तारीख येईपर्यंत तेवढं पान आम्ही स्वतः बाजूला ठेवू.

पुढच्या छपाईचा आदेश काढण्याआधी या पत्राचं उत्तर द्यावं. उत्तरही असंच उघड असावं, म्हणजे ज्यांच्यासाठी ही पानं आहेत त्यांना ते वाचून दाखवता येईल.

आपले,
निर्वासित मातांसाठी चित्रकथा करणारे चित्रकार, सुईणी, परिचारिका आणि दुभाषी